डिझेल गेले, कोळसा राहिला

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा. कोकण रेल्वेवर डिझेलची इंजिने धावत होती त्या काळात हा बोगदा जवळ आला की डब्यातल्या जाणत्या माणसांची खिडक्या ओढून घ्यायची घाई सुरू होई. एखादी खिडकी अडकलीच तर दोन-चार मिनिटांत घशाशी तो कडवट, तेलकट धूर येई, मुले खोकू लागत आणि बोगदा संपून हिरवे दिसले की सगळा डबा एकदम मोकळा श्वास घेई. धूर बाहेर काढण्यासाठी अशा लांब बोगद्यांत मोठाले पंखे बसवावे लागले होते. आता त्याच बोगद्यातून विजेचे इंजिन गाडी ओढते. धूर नाही, वास नाही. गेल्या शिमग्याला मी खिडकी उघडी ठेवून त्यातून गेलो, तेव्हा फक्त ओल्या दगडाचा गारवा आत आला.

हा गारवा ज्यामुळे आला त्या बदलाचा हिशेब मांडायचा आहे. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग मार्च २०२२ मध्ये पूर्णपणे विजेवर आला. खर्च झाला १,२८७ कोटी रुपये. हे काम म्हणजे एका फार मोठ्या वचनाचा छोटासा तुकडा. भारतीय रेल्वेने जुलै २०२० मध्ये जाहीर केले, की २०३० पर्यंत आपले कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू. देशाने स्वतःसाठी निव्वळ शून्याची मुदत घेतली आहे २०७० ची, ग्लासगोच्या परिषदेत. म्हणजे रेल्वे हे सरकारी खाते देशाच्या चाळीस वर्षे आधी तिथे पोहोचायचे म्हणते. इतके मोठे आणि इतक्या जवळच्या मुदतीचे वचन देणारे दुसरे सरकारी खाते माझ्या पाहण्यात नाही. म्हणून त्याच्याकडे आदराने पाहिले पाहिजे, आणि बारकाईनेही.

वचनाचा पहिला खांब विद्युतीकरणाचा. त्यात रेल्वेने जे केले ते खरोखर अचाट आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली. तिथून २०१४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांत, सुमारे २१,८०० किलोमीटर मार्गावर तारा चढल्या. उरलेल्या ब्रॉडगेजवर तारा टाकायला मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये मंजुरी दिली आणि नंतरचा वेग असा, की एकट्या २०२३-२४ या वर्षात सात हजार किलोमीटरांवर मार्ग विजेखाली आला. २०२५ संपता संपता ब्रॉडगेजचे ९८ टक्क्यांहून जास्त जाळे विजेवर होते. इतके मोठे जाळे इतक्या थोड्या वर्षांत विजेवर आणणारा दुसरा देश शोधावा लागेल. एके काळी वर्षाला अडीचशे कोटी लिटरहून अधिक डिझेल पिणारे हे खाते आता त्याच्या थोड्याशा भागावर चालते. डिझेलसाठी लागणारे कच्चे तेल आपण परदेशातून आणतो, त्यामुळे ही बचत देशाच्या खिशातही दिसते. कोकण रेल्वेनेच वर्षाला दीडशे कोटींच्या आसपास इंधनखर्च वाचेल असे सांगितले होते.

इथपर्यंत सगळे स्वच्छ आहे. आता बोगद्यातून निघालेला धूर कुठे गेला ते पाहू.

एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या एका लिटरमध्ये दहा युनिटांच्या आसपास ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली पस्तीस-चाळीस टक्केच कामी लावते. म्हणजे लिटरमागे साडेतीन ते चार युनिटांचे काम होते. तेच काम विजेने करायचे तर साडेतीन-चार युनिट वीज हवी. आपल्या देशात सरासरी एक युनिट वीज तयार होताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण जवळजवळ तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते. गुणाकार करा. अडीच ते पावणेतीन किलो. जितका धूर डिझेलच्या इंजिनातून निघत होता, जवळपास तितकाच आता वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो. तारांमधली गळती धरली तर थोडा जास्तच.

हा आकडा मी स्वतः पहिल्यांदा मांडला तेव्हा दोनदा तपासला, कारण तो मनाला पटत नव्हता. पण आकडा तोच येतो. ग्रिडची सरासरी वीज आहे तशी वापरली तर विद्युतीकरणाने गावागावांतली हवा सुधारते, बोगदे स्वच्छ होतात, परकीय चलन वाचते, गाड्या जास्त वेग घेतात. हवामानाच्या खात्यात मात्र जवळपास काहीच जमा होत नाही. रेल्वे वर्षाला दोन हजार कोटी युनिटांहून जास्त वीज गाड्या ओढायला वापरते. ०.७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचा आकडा दीड कोटी टनांच्या जवळ जातो. निव्वळ शून्याची खरी लढाई या दीड कोटी टनांशी आहे, आणि ती रुळांवर लढता येत नाही.

हिशेबाच्या पद्धतीतही इथेच एक फट राहते. उत्सर्जन मोजणारे लोक त्याचे कप्पे करतात. स्कोप एक म्हणजे आपण स्वतः जाळलेले इंधन. स्कोप दोन म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचा धूर. डिझेलचे इंजिन काढून विजेचे लावले की पहिल्या कप्प्यातले उत्सर्जन उचलून दुसऱ्या कप्प्यात जाते. पहिला कप्पा रिकामा दिसतो. २०२५ मध्ये रेल्वेकडून असे सांगितले जाऊ लागले, की थेट उत्सर्जनाच्या बाबतीत उद्दिष्ट मुदतीच्या आधीच गाठले जाईल. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेलही. पण वर्तमानपत्रात 'रेल्वे कार्बनमुक्त' असा मथळा वाचणाऱ्या माणसाला कप्प्यांची ही भानगड कोणी समजावून सांगत नाही, आणि ती सांगितली पाहिजे.

विजेच्या गाडीमागे कोळसा असणे ही काही नवी गोष्ट नाही. १९२९ मध्ये मुंबई-पुणे मार्ग विजेवर घ्यायचा होता तेव्हा जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ठाकुर्लीजवळ उल्हास नदीच्या काठी स्वतःचे वीजकेंद्र उभारले. चोळा पॉवर हाऊस या नावाने जुने कल्याण-डोंबिवलीकर ते ओळखतात. तिथे कोळसा जळे आणि घाटात इंजिने चढत. त्याच काळात खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथे टाटांची जलविद्युत केंद्रेही चालू होती. सह्याद्रीवर साठवलेले पावसाचे पाणी खाली सोडून वीज होत होती. म्हणजे सुमारे शंभर वर्षांपूर्वीच, या एकाच परिसरात, दोन्ही वाटा शेजारी शेजारी उभ्या होत्या. गाडी तीच, तार तीच. फरक तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याचा.

विजेच्या बाजूने मात्र एक गोष्ट आहे, जी डिझेलला कधीच जमली नसती, आणि ती पाहायची तर कर्जतला उभे राहावे. पुण्याकडे निघालेली गाडी थांबते, मागून बँकर इंजिने येऊन धक्का देत जुळतात, डबे हलकेसे हादरतात, वडापाव-वडापाव करत फिरणारे पोरगे सवयीने एक हात दांड्याला धरते आणि गाडी बोरघाट चढू लागते. चढ सदतीस फुटांना एक फूट. रेल्वेसाठी हा फार तीव्र चढ आहे. चढताना जी शक्ती खर्च होते ती उतरताना परत मिळायला हवी, पण पूर्वी तिचा बहुतेक भाग ब्रेकच्या उष्णतेत विरून जाई. आताच्या थ्री-फेज इंजिनांत मोटर उतारावर उलट काम करते, जनित्र होते आणि वीज तारेत परत सोडते. लोणावळ्याहून कर्जतला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. हजार टनांची गाडी धरली तर त्या उतारात दीड हजार युनिटांच्या आसपास ऊर्जा दडलेली असते. सगळी हाती लागत नाही, घर्षण आणि यंत्रातली घट आपला वाटा घेतातच. पण निम्मी जरी मिळाली तरी एका मध्यमवर्गीय घराची सहा महिन्यांची वीज झाली, एका गाडीच्या एका उतारात. मुंबईच्या लोकलही स्टेशनागणिक थांबताना अशीच वीज परत देतात. मुंबईचे जुने १,५०० व्होल्टचे डीसी जाळे काढून २५,००० व्होल्टचे एसी आणायला २०१६ उजाडले. त्यानंतर हे सगळे अधिक नीट साधले. दिवसाला लाखो लोकांना नेणारी लोकल ही या शहराने हवामानासाठी केलेली सर्वात मोठी गोष्ट आहे, आणि ती हवामानाचा विचार न करता, केवळ गरजेपोटी झाली.

लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या टोकाला असणारी, कानठळ्या बसवणारी जनरेटर यानेही अशीच मागे पडत आहेत. डब्यांतले दिवे, पंखे आणि एसी आता इंजिनाच्या पॅन्टोग्राफमधूनच वीज घेतात. जिथे हे झाले तिथे फलाटाच्या टोकाला उभे राहून बोलता येते. छोटी सुधारणा, पण डिझेलची खरी बचत.

आता तारेच्या दुसऱ्या टोकाकडे. २०२० मध्ये रेल्वेने सांगितले होते, की आपल्याकडे ५१,००० हेक्टर मोकळी जमीन आहे आणि तिच्यावर २०,००० मेगावॉट सौर क्षमता उभी राहू शकते. पुढे २०३० ची एकूण गरज ३०,००० मेगावॉट अक्षय क्षमतेची धरली गेली. मध्य प्रदेशातल्या बीना इथे १.७ मेगावॉटचा एक सौर प्रकल्प झाला, ज्याची वीज थेट गाड्यांच्या तारेत जाते. अभियंत्यांसाठी ते मोठे पाऊल होते. पॅनेलची डीसी वीज एकेरी फेजच्या २५,००० व्होल्टच्या तारेत घालणे सोपे नसते. पण आकार पाहा: १.७ मेगावॉट. २०२५ अखेरीस रेल्वेची स्थानकांवरची आणि गाड्यांसाठीची मिळून बसवलेली सौर क्षमता सुमारे ९०० मेगावॉटपर्यंत आली. २०१४ मध्ये ती चार मेगावॉटही नव्हती, तेव्हा वाढ मोठी आहे. २०,००० च्या तुलनेत ती अजून विसावा हिस्साही नाही, आणि हाती वर्षे उरली आहेत मोजकी.

जमिनीचे गणितही कागदावर दिसते तितके सरळ नाही. रेल्वेची मोकळी जमीन म्हणजे बहुधा रुळांच्या कडेची लांबच लांब, चिंचोळी पट्टी. कुठे झोपड्या, कुठे भाजीचे मळे, कुठे पावसात तुंबणारे खळगे. सौर प्रकल्पाला सलग मैदान लागते. शिवाय मालगाड्यांचा मोठा ओघ रात्री असतो आणि सूर्य रात्री मावळलेला असतो. म्हणून रेल्वेच्या ऊर्जा कंपनीला सौर, पवन आणि साठवण एकत्र करून चोवीस तास पुरवठ्याच्या निविदा काढाव्या लागल्या. मला ही वाट जास्त भरवशाची वाटते. स्वतःच्या जमिनीवर पॅनेल मिरवण्यापेक्षा राजस्थान-गुजरात, महाराष्ट्र, तमिळनाडू अशा चांगले वारा-ऊन असलेल्या राज्यांतली वीज दीर्घ कराराने विकत घ्यावी, यात कमीपणा काही नाही. युरोपात नेदरलँड्सच्या प्रवासी गाड्या १ जानेवारी २०१७ पासून पवनविजेच्या करारांवर चालतात. स्वित्झर्लंडच्या रेल्वेने तर पिढ्यानपिढ्या स्वतःची जलविद्युत केंद्रे सांभाळली आहेत.

आपल्या रेल्वेनेही स्वतःचे केंद्र उभारले आहे, पण कोळशाचे. बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यात नबीनगर इथे एनटीपीसी आणि रेल्वेची भागीदारी असलेला १,००० मेगावॉटचा प्रकल्प आहे. चार संच, प्रत्येकी अडीचशे मेगावॉटचे. असे केंद्र तीस-चाळीस वर्षे चालवायच्या हिशेबाने बांधतात. २०३० चे वचन आणि नबीनगरचे आयुष्य यांची सांगड कशी घालणार, हा प्रश्न रेल्वेच्या कुठल्याही जाहिरातीत मला कधी दिसला नाही. झाडे लावून उरलेला कार्बन भरून काढू, असेही म्हटले जाते. रुळांच्या कडेला झाडे जरूर लावावीत, सावलीसाठी आणि मातीसाठी. पण दीड कोटी टन दरवर्षी शोषून घेईल इतके जंगल या चिंचोळ्या पट्ट्यांत मावत नाही.

आणि तरी सर्वात मोठा आकडा अजून आलेलाच नाही. तो वाघिणींमध्ये आहे.

रेल्वे वर्षाला १६० कोटी टनांच्या आसपास माल वाहते, आणि त्यातला जवळपास निम्मा कोळसा असतो. ८० कोटी टन. आपला औष्णिक कोळसा जळला की टनामागे सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे रेल्वेच्या वाघिणींतून वर्षाला १२० कोटी टन होऊ घातलेला कार्बन प्रवास करतो. रेल्वेच्या स्वतःच्या विजेमागच्या उत्सर्जनाच्या जवळपास ऐंशी पट. हिशेबाच्या नियमाप्रमाणे हे उत्सर्जन जाळणाऱ्याच्या नावावर पडते, वाहणाऱ्याच्या नाही, आणि ते योग्यही आहे. पण रेल्वेचे घर या कोळशावर चालते. वर्धा खोऱ्यातल्या खाणींतून, घुग्घुस-माजरीच्या बाजूने भरलेल्या वाघिणी चंद्रपूरच्या केंद्राकडे जातात. तिथे वीज होते, ती ग्रिडमध्ये जाते, आणि ग्रिडमधली वीज पुढच्या मालगाडीचे इंजिन ओढते. बल्लारशाहच्या फलाटावर अर्धा तास बसले तर या चक्राचा एक अख्खा फेरा डोळ्यांसमोरून जातो: काळ्या ढिगांनी भरलेली गाडी वर, रिकामी गाडी खाली, आणि वर ताठ ओढलेली तार.

पैशाचा फेराही तसाच आहे. ब्रुकिंग्ज इंडियाच्या २०१८ च्या एका अभ्यासाने हे परस्परावलंबन नीट उलगडून दाखवले होते: कोळशाच्या भाड्यातून आलेला जास्तीचा पैसा स्वस्त प्रवासी तिकिटांची तूट भरतो. दादरहून सावंतवाडीला जनरल डब्यात जाणाऱ्या माणसाचे तिकीट परवडते त्यात झारखंड-छत्तीसगडच्या आणि चंद्रपूरच्या कोळशाचा हात आहे. देशात सौर आणि पवन वीज जसजशी वाढेल तसा कोळशाचा वाटा घटेल. तेव्हा रेल्वेची मिळकत कुठून येणार? हवामानाचे वचन आणि रेल्वेचे अंदाजपत्रक एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात, आणि ही ओढाताण आताच बोलली नाही तर पुढे तिकिटाच्या खिडकीवर येऊन उभी राहील.

उत्तर दुसऱ्या मालात आहे. सिमेंट, धान्य, पोलाद, कंटेनर, मोटारी, फळे, पार्सल. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातल्या मालवाहतुकीचा ऐंशी टक्क्यांहून मोठा वाटा रेल्वेकडे होता. आज तो तिशीच्या खाली घसरला आहे. बाकीचा माल ट्रकने जातो. रेल्वे स्वतः देते ते आकडे असे: एक टन माल एक किलोमीटर न्यायला ट्रकमागे सुमारे १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, रेल्वेमागे बारा ग्रॅमच्या आत. म्हणजे कोळशाच्या विजेवर चालणारी मालगाडीसुद्धा ट्रकच्या कितीतरी पुढे आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा घर्षण इतके कमी असते, की इंधन कुठलेही असो, रेल्वे जिंकते. म्हणून माझ्या मते रेल्वेच्या वचनाचे खरे माप 'निव्वळ शून्य' नाहीच. किती ट्रक महामार्गावरून रुळांवर आले, ते माप. २०१५ च्या हवामान वचनपत्रात भारताने रेल्वेचा जमिनीवरच्या वाहतुकीतला वाटा ३६ वरून ४५ टक्क्यांवर नेण्याची गोष्ट लिहिली होती. राष्ट्रीय रेल्वे योजनेतही मालवाहतुकीत ४५ टक्क्यांचेच लक्ष्य आहे. ते गाठले तर त्यातून वाचणारा कार्बन रेल्वेच्या स्वतःच्या सगळ्या उत्सर्जनाहून मोठा ठरेल.

आणि नेमके इथेच काम रेंगाळले. मालगाड्यांसाठी वेगळा पश्चिम मार्ग, दादरी ते न्हावा-शेवा, १,५०६ किलोमीटरचा. दोन मजली कंटेनर विजेच्या इंजिनाने ओढता यावेत म्हणून त्याच्या तारा मुद्दाम उंच बांधल्या आहेत. उत्तरेकडचे टप्पे सुरू झाले, पूर्व मार्ग पूर्ण झाला, आणि सर्वात शेवटी राहिला तो वैतरणा ते न्हावा-शेवा हा आपल्या दारातला तुकडा. देशातल्या सर्वात गजबजलेल्या कंटेनर बंदरांपैकी हे एक बंदर आणि हा मार्ग यांच्यामध्ये वर्षानुवर्षे शंभर किलोमीटर उरले, आणि तेवढी वर्षे पनवेल-उरणच्या रस्त्यांवर ट्रकच्या रांगा राहिल्या. ज्यांना जासई किंवा गव्हाण फाट्याला अर्धा-अर्धा तास धुरात उभे राहावे लागले त्यांना हे आकड्यांत सांगावे लागत नाही. मालाची गाडी कधी सुटेल आणि कधी पोहोचेल हे व्यापाऱ्याला छातीठोक सांगता येत नाही तोवर तो ट्रकच बोलावतो. भिवंडीतल्या गोदामाच्या दाराशी ट्रक उभा राहतो, वाघीण राहत नाही. हा शेवटच्या दहा किलोमीटरचा प्रश्न सौर पॅनेलने सुटत नाही.

आणखी एक मागणी साधी आहे. रेल्वेने दरवर्षी एकाच पानावर छापावे: किती डिझेल जाळले, किती वीज घेतली, त्यातली किती कोळशाची आणि किती अक्षय, आणि मालवाहतुकीत आपला वाटा किती टक्के. झोननिहाय छापले तर अधिक चांगले. मध्य, पश्चिम, कोकण, प्रत्येकाचे वेगळे. हे आकडे रेल्वेकडे असतातच, मीटर प्रत्येक उपकेंद्रावर आहेत. ते विखुरलेल्या उत्तरांतून आणि पत्रकांतून गोळा करावे लागू नयेत.

कोकण रेल्वेवर २६ जानेवारी १९९९ पासून एक सेवा चालते. कोलाडला भरलेले ट्रक चालकासकट सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. रो-रो. चालक केबिनमध्ये बसलेला असतो, किंवा आडवा झालेला. इंजिन बंद, चाकांना साखळ्या बांधलेल्या. खाली महामार्गावरची ती सगळी वळणे, पावसाळ्यातले खड्डे, कशेडीचा घाट मागे पडतो. सुरुवातीची तेवीस वर्षे ही गाडीही डिझेलवरच होती, तरी एकेका ट्रकचे डिझेल वाचत होते. आता तीच गाडी विजेवर करबुड्यातून जाते. बोगद्यात शिरताना एखादा चालक सवयीने काच वर करतो, मग पुन्हा खाली घेतो.